सहा वर्षं काठावर

पत्र थोडक्यात: लिहिणारी ३१ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. वडील ख्रिस्ती, मूळचे नगर जिल्ह्यातले, आई हिंदू. दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि मुलीच्या बाप्तिस्म्यावरून (ख्रिस्ती मंडळीत घेण्याच्या पाण्याच्या विधीवरून) घरात वाद नको म्हणून 'मोठी झाली की तीच ठरवील' असं म्हणत विषय मिटवला. गेली सहा वर्षं ती एका जुन्या मिशन चर्चमध्ये दर रविवारी उपासनेला जाते. प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, वेळी मात्र ट्रे शेजारच्या बाईंकडे सरकवते, कारण बाप्तिस्मा झालेला नाही. गेल्या जूनमध्ये वडील गेले. ईस्टरच्या आधी बाप्तिस्म्याचा वर्ग सुरू होतोय, त्यात नाव घालू का, असं पाळकसाहेबांनी विचारलंय. तिला वाटतं, आपण तयार नाही. शंका आहेत, प्रार्थनेत लक्ष लागत नाही, आणि वडिलांच्या वाटणीची जमीन बळकावणाऱ्या काकांचा राग मनातून जात नाही. आई म्हणते, "घे ना, पण मग मी गेल्यावर माझं कोण करणार?" एक मैत्रीण म्हणते, डोक्यावर चार थेंब शिंपडले तर तो बाप्तिस्माच नव्हे, आमच्या फेलोशिपमध्ये ये आणि पाण्यात उतरून घे. "मी काय करू? आणि आपण तयार झालो हे माणसाला कळतं कसं?"

प्रिय काठावरची,

तुला 'तू' म्हटलं तर चालेल ना? माझ्या भाचीच्या वयाची आहेस.

तुझ्या पत्रातला तो ट्रे मला चांगला माहीत आहे. इवलेसे काचेचे पेले, त्यात घोटभर द्राक्षरस, आणि ट्रे हातात आला की पेले एकमेकांना लागून होणारा बारीक किणकिणाट. तू लिहितेस की तो आवाज होऊ नये म्हणून तू श्वास रोखून ट्रे पुढे देतेस. सहा वर्षं, महिन्यातून एकदा धरलं तरी सत्तरेक वेळा झालं असेल. इतक्या वेळा घेता न येणारी वस्तू हातात धरून पुढे द्यायची आणि तरी पुढच्या रविवारी परत यायचं, याला तू 'तयारी नाही' म्हणतेस. मी तसं म्हणणार नाही.

माझा बाप्तिस्मा मी तीन महिन्यांची असताना झाला. मला त्यातलं काही आठवत नाही. फोटोही नाही. आहे तो एक पिवळा पडलेला दाखला, त्यावर आडनाव चुकलेलं. तेव्हा माझ्या तयारीचा प्रश्नच नव्हता. पाळकसाहेबांनी डोक्यावर पाणी घातल्यावर मी किंचाळले, एवढं आई सांगायची. म्हणजे तुझ्यासारखं उभं राहून 'घेऊ की नको' असं ठरवायची वेळ माझ्यावर आलीच नाही. मी जे सांगणार आहे ते या मर्यादेतलं आहे, हे लक्षात ठेव.

पहिल्यांदा त्या 'तयार' शब्दाकडे बघू. तुझ्या मनात त्याचा अर्थ 'लायक' असा झालाय. शंका संपल्या, राग गेला, प्रार्थनेत मन एकाग्र झालं, की मग मी जाईन. आता पवित्र शास्त्रात काय दिसतं ते पाहा. यार्देन नदीत योहानाकडून येशूचा बाप्तिस्मा झाला आणि 'तू माझा प्रिय पुत्र' ही वाणी झाली, तेव्हा त्याने एकही चमत्कार केलेला नव्हता, एकही प्रवचन दिलेलं नव्हतं. कौतुक आधी, काम नंतर. 'प्रेषितांची कृत्ये' या बायबलमधल्या पुस्तकात गज्जाच्या वाटेवर रथात बसलेला तो कूशी, म्हणजे आफ्रिकेतला, अधिकारी भेटतो. तो ख्रिस्ताचा संदेश सांगणाऱ्या फिलिप्पाला विचारतो, इथे पाणी आहे, मग मला बाप्तिस्मा घ्यायला हरकत काय? फिलिप्पै शहराचा तुरुंगाधिकारी तर भूकंपाच्या रात्री घरच्या सगळ्यांना घेऊन, त्याच घटकेला बाप्तिस्मा घेतो. कैदी पळाले समजून तासाभरापूर्वी हा माणूस स्वतःवर तलवार चालवणार होता.

मात्र या गोष्टी घाईसाठीही वापरल्या जातात. 'तुरुंगाधिकाऱ्याने कुठे वर्ग केला होता?' असं म्हणून दुसऱ्या भेटीत पाण्यात उतरवणारे लोक मी पाहिलेत. मंडळीने, म्हणजे चर्चने, पुढच्या शतकांत उमेदवारांना दीर्घकाळ शिकवायची प्रथा पाडली ती उगीच नाही. पण तिचंही दुसरं टोक झालंच. बाप्तिस्म्यानंतर पाप घडलं तर काय, या भीतीने लोक तो पुढे ढकलू लागले. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने तो घेतला इसवी सन ३३७ मध्ये, मरणाच्या दारात. संत ऑगस्टीन लहानपणी आजारी पडला तेव्हा त्याला बाप्तिस्मा द्यायची तयारी झाली होती. तो बरा झाला आणि 'हा पुढे पापं करणारच' म्हणून बेत राहून गेला. शेवटी ३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये बिशप अँब्रोसच्या हातून झाला. वय ३२. शेजारी त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा होता, त्याचाही त्याच वेळी झाला. बत्तीस म्हणजे तुझ्या पुढच्या वाढदिवसाचं वय, म्हणून सांगितलं; त्यात दुसरा काही संकेत शोधू नकोस.

आता बाप्तिस्म्याने होतं काय? वेगवेगळ्या मंडळ्यांची उत्तरं वेगळी आहेत आणि ती एका पत्रात बसायची नाहीत. पण प्रेषित पौलाने रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात दिलेलं चित्र बहुतेक सगळे मानतात: पाण्याखाली जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं, वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर उठणं. आपण पाण्याकडे फक्त धुण्याच्या नजरेने पाहतो, आंघोळीसारखं. पौल तिथे कबर पाहतो. मेलेल्या माणसाला 'तू लायक आहेस का' असं कोणी विचारत नाही.

आणखी एक अर्थ आहे, आपल्या मातीतला. गलतीकरांना पौल लिहितो की ख्रिस्तात ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्यांच्यात यहुदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र हा भेद उरत नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ मध्ये सुरू झालं. पुढे त्या जिल्ह्यातल्या ज्या घरांनी हे पाणी डोक्यावर घेतलं, त्यांतल्या कितीतरी घरांना गावच्या पाणवठ्याला हात लावायची मुभा नव्हती. दुसऱ्याच्या हाताने, सगळ्यांदेखत, अंगावर पडलेलं पाणी त्यांना काय वाटलं असेल याचा विचार कर. मंडळीत जात उरली नाही असं मात्र मी म्हणणार नाही. सोयरीक जुळवायला बसलं की ती कुठून बाहेर येते ते तुलाही माहीत असेल. वचन दिलं गेलंय. पाळणं चालू आहे.

मग तयारी कशाची करायची? पाळकसाहेबांकडून उपासनेचं पुस्तक मागून घे आणि प्रौढांच्या बाप्तिस्म्याचा विधी घरी नेऊन वाच. मोठ्याने वाच. त्यात तुला प्रश्न विचारले जाणार आहेत: दुष्टाईचा त्याग करतेस का, ख्रिस्तावर विश्वास ठेवतेस का, असे. मंडळ्यांप्रमाणे शब्द थोडे बदलतात. पाठोपाठ विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेचं कबुलीवचन, येतो, जो मुळात बाप्तिस्म्याच्या वेळच्या अशाच प्रश्नोत्तरांतून घडला. जिथे जीभ अडखळेल तिथे पेन्सिलने खूण कर. वर्गात त्या खुणांवर बोल. "मला शंका आहेत" हे फार ढोबळ आहे, त्यावर कोणी काय उत्तर देणार? "'शरीराचं पुनरुत्थान' इथे मी अडते, कारण मी पप्पांना शवपेटीत पाहिलंय," असं म्हणालीस तर पाळकसाहेबांनाही खुर्ची पुढे ओढून बसावं लागेल.

शंका आणि नकार यांत फरक असतो आणि तो तुझा तुलाच कळेल. तो प्रश्न विचारला गेल्यावर आतून "हो, पण..." येतं की "नाही, पण लोक बघताहेत म्हणून हो" येतं? पहिलं असेल तर पाण्यात उतरायला ते पुरे आहे. दुसरं असेल तर थांब, कोणी काहीही म्हणो.

काकांचं. इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय, आणि ती तू एकटीच करत नाहीस. क्षमा करायची म्हणजे हक्कसोडपत्रावर सही करायची, असं कुठेही लिहिलेलं नाही. सातबाऱ्यावर वारसनोंद करायला तलाठ्याकडे जा, वकील कर, नोटीस पाठव. राग राहील तो राहील. तो लपवून पाण्यात उतरू नकोस एवढंच माझं म्हणणं. वर्गातल्या सगळ्यांसमोर नाही, पण पाळकांना एकांतात सांग की मला या माणसाचं वाईट व्हावं असं वाटतं. पश्चात्ताप म्हणजे राग गायब होणं नव्हे. त्या रागाला मी खतपाणी घालणार नाही, इतकं म्हणता आलं तरी दिशा बदलली. बाकीचं पुढच्या वीस वर्षांत.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य तू ओझरतं टाकलंस: "पप्पांची इच्छा होती, त्यांनी कधी बोलून दाखवली नाही." मी तिथे बराच वेळ थांबले. वडील जाऊन वर्ष व्हायचंय. त्यांचं राहिलेलं पूर्ण करावं असं वाटणं साहजिक आहे. पण तुझे आईवडील त्या काळात फार अवघड गोष्ट करून बसले होते: मुलीचा निर्णय मुलीसाठी ठेवला. पप्पा गेल्यावर तू त्यांच्या खातर बाप्तिस्मा घेतलास तर तो निर्णय पुन्हा त्यांचाच होईल. त्यांची आठवण सोबत असू दे. पण पाण्याजवळ उभी राहून "हो" म्हणताना ते शब्द तुझे हवेत. म्हणून माझं मत सांगते: वर्गाला जा, तारीख ठरवू नकोस. पाळकसाहेबांना आधीच सांग की मी शिकायला येतेय, ईस्टरचं अजून ठरलेलं नाही. चांगला पाळक यावर "बरं" म्हणेल. "अकरा जण झालेत, तुझ्यामुळे डझन होईल" असं काही कानावर आलं, तर तिथे तुझ्या आत्म्यापेक्षा अहवालाची काळजी जास्त आहे असं समज.

आता आई. "माझं कोण करणार?" हा धर्मशास्त्राचा प्रश्न नाही. नवरा गेला, आता एकुलती मुलगी कुठल्या तरी दारातून आत जातेय आणि ते दार आपल्यामागे बंद होईल, ही त्या बाईची भीती आहे. तिला रोमकरांस पत्र वाचून दाखवू नकोस. विचार, "आई, नेमकं काय काय करायला हवंय तुला?" अग्नी, दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध, जे असेल ते तिच्या तोंडून येऊ दे. त्यातलं काय तू तुझ्या विवेकाने करू शकतेस, कशात नुसती शेजारी उभी राहशील, काय मामेभावाने करायचं, हे ती जिवंत असताना तिच्याशी बोलून ठरव. यावर ख्रिस्ती लोकांत एकमत नाही. कोणी म्हणेल चितेला हात लावायचा नाही, कोणी म्हणेल आईला निरोप देण्यात कसली मूर्तिपूजा. मला दुसरं पटतं. पण तुझ्या पाळकांशीही बोल, म्हणजे ऐनवेळी स्मशानात वाद नको.

माझ्या ओळखीत असंच एक घर आहे. आई गणपतीत नैवेद्य दाखवायच्या आधी पाच मोदक वेगळ्या डब्यात काढून ठेवते, बाप्तिस्मा घेतलेल्या मुलासाठी. त्याने मागितलं नव्हतं. तीच म्हणाली, "त्याला प्रसाद चालत नाही, पण मोदक तर चालतो ना!" ती अजून चर्चच्या पायरीशीही गेलेली नाही. जाणारही नाही बहुधा.

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा हिंदूच राहिल्या. दोघं काही वर्षं वेगळे राहिले, आणि त्या वर्षांत लक्ष्मीबाईंनी काय सोसलं ते त्यांनीच लिहून ठेवलंय. पुढे दोघं एकत्र आले तरी लक्ष्मीबाईंनी लगेच बाप्तिस्मा घेतला नाही. आधी शिवाशीव सुटली, मग बाप्तिस्मा, १९०० मध्ये. 'बघ, आईही येईल हळूहळू' असं सुचवण्यासाठी मी हे सांगत नाहीये. ती आशा मनात धरून आईशी वागलीस तर तिला ती लगेच ओळखू येईल. मला त्यात दिसतं ते असं, की एकाचा बाप्तिस्मा दुसऱ्याच्या बाप्तिस्म्याचं वेळापत्रक ठरवत नाही. आणि जाता जाता, नाव बदलावं लागेल का असं तू विचारलंयस, तर नाही. टिळक शेवटपर्यंत नारायण वामन टिळकच होते.

मैत्रिणीचा मुद्दा. बुडवणं हा जुना आणि अर्थाने भरलेला प्रकार आहे, पौलाचं कबरीचं चित्र त्यात डोळ्यांना दिसतं. पण 'थेंब चालत नाहीत' हे तितकं सोपं नाही. पहिल्या-दुसऱ्या शतकातली 'डिडाखे' नावाची एक छोटी नियमपुस्तिका आहे. ती म्हणते, वाहत्या पाण्यात द्या. ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात. गार जमत नसेल तर कोमट. आणि तेवढंही नसेल तर पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने डोक्यावर तीनदा पाणी ओता. आधी एक-दोन दिवस उपास करा, असंही सांगते. किती समजूतदार माणसांनी लिहिलंय! दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला तर ते फारच पटावं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि फक्त विश्वास कबूल करणाऱ्यांना देणारे बॅप्टिस्ट, दोघंही त्यात आले आणि दोन्ही रीती ठेवल्या गेल्या. कित्येक पाळक प्रौढांना मागितल्यास बुडवून बाप्तिस्मा देतात, तेव्हा तुझ्याच चर्चमध्ये विचारून बघ.

माझ्या बहिणीचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला होता. सव्विसाव्या वर्षी एका फेलोशिपने तिला पटवलं की तो धरायचा नाही, आणि तिने पुन्हा घेतला, सिमेंटच्या टाकीत. आई दोन महिने तिच्याशी बोलली नाही. म्हणाली, "म्हणजे मी तुला मांडीवर घेऊन उभी होते ते काय नाटक होतं?" बहिणीकडे उत्तर नव्हतं. ज्यांचा बाप्तिस्मा बाळपणी झालाय आणि आता मनापासून काही करावंसं वाटतंय, त्यांना मी दुसऱ्यांदा पाण्यात उतरा असं सांगणार नाही. दृढीकरण, म्हणजे मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी, झालं नसेल तर ते घ्या, नाहीतर मंडळीसमोर वचनांचं नवीकरण करता येतं. कॅथलिकांतही बाप्तिस्मा, त्यांचा स्नानसंस्कार, एकदाच होतो. तुझी गोष्ट वेगळी, तुझा पहिलाच. म्हणून कुठे घेऊ याचं उत्तर पाणी किती खोल आहे त्यावरून शोधू नकोस. पुढच्या पाच वर्षांत तू आजारी पडलीस तर डबा घेऊन कोण येईल, तिथे घे.

या सदराकडे याच विषयावर येणाऱ्या इतर पत्रांसाठी थोडं. फक्त लग्नासाठी बाप्तिस्मा घेऊ का, असं विचारणाऱ्यांनो, कायद्याला त्याची गरज नाही. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याला दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी पुरतं, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात कोणालाच धर्म बदलावा लागत नाही. चर्चचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात, ते आधी विचारा. अनुसूचित जातीचा दाखला असलेल्यांनी डोळे उघडे ठेवून निर्णय घ्यावा: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातून आजचा नियम असा आहे की हा दर्जा फक्त हिंदू, शीख आणि बौद्धांना मिळतो, आणि बाप्तिस्मा झालेल्या एका बाईचा, नोकरीसाठी केलेला हिंदू असल्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळला. मला तो नियम अन्यायाचा वाटतो, पण आहे तो आहे. धर्मांतराचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि बदलताहेत. काही राज्यांत आधी लेखी सूचना द्यावी लागते. स्थानिक वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तर काठावरची, वर्गाला जा. वही ने, ती पेन्सिलच्या खुणांची यादी ने. येऊन आईला सांग आज काय झालं, तिने विचारलं तर. आणि कधीतरी पाण्यात उतरायचं ठरलंच, तर गडद रंगाचा जाड सुती ड्रेस घाल, कोरडे कपडे घेऊन मैत्रिणीलाच काठावर उभी कर, पाण्याची भीती वाटत असेल तर पाळकांना आधी सांग. दाखल्यावर नावाचं स्पेलिंग तिथल्या तिथे तपास. आणि चष्मा लावत असशील तर तो आधी कोणाकडे तरी दे. माझ्या बहिणीचा टाकी रिकामी करेपर्यंत सापडला नव्हता, आणि तिने तो अख्खा दिवस नीट न दिसताच काढला.